मागच्या स्क्रूंवरचं कुंकू

“दादा, याची रॅम वाढवू का नवाच घेऊ?” जयमालानं घरचा जुना कॉम्प्युटर खामगावच्या दुकानात काउंटरवर ठेवला. “माहा भाऊ गोविंदा म्हणते, नवाच घे. त्यानं दोनदा माह्या पैशानं रॅम वाढवून आणली, तरी हा रखडूनच राह्यला.”

मेकॅनिकनं डबा फिरवला. मागचे स्क्रू लाल पापुद्र्यानं बुजले होते.

“हे काय हो ताई?”

“कुंकू. दर दसऱ्याले पूजा करा लागते ना. पुढं डाग दिसते, म्हणून मागं.”

“पाच-सहा वर्षांचे थर हायेत हे. एकदाही कोणी खोललं असतं, तं खालचा थर तुटला असता.” त्यानं कुंकू उकरून डबा उघडला. “पाहा, रॅम कंपनीचीच हाय. पह्यल्या दिवसाची.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गोविंदाच होता.

“ताई, काय ठरलं मंग? मीच आणू का नवा, माह्या ओळखीतून?”

जयमालानं काउंटरवर पडलेलं कुंकू बोटानं गोळा केलं. दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली, की बोटावर उरलेलं कुंकू ती सोनं द्यायला आलेल्या गोविंदाच्या कपाळाला लावायची.