बुडालेलं माहेर

भागुबाईंचं माहेर गोदावरीवरच्या धरणात बुडालं होतं. यंदा तलाव आटला आणि तिथलं हेमाडपंती देऊळ उघडं पडलं, ते दाखवायला त्या सून रूपालीला घेऊन निघाल्या. उथळ पाण्यात चित्रबलाक पक्षी मासे टिपत होते. ते बघत चालताना रूपालीचा पाय सुकलेल्या गाळातून आत गेला, ती कमरेपर्यंत रुतली. धडपडली तशी आणखी खचली. थंडगार चिखल छातीशी आला. "आई, खाली काहीच लागत नाय!" ती किंचाळली. "हलू नको पोरी, आडवी हो!" कधी पदर ढळू न देणाऱ्या भागुबाईंनी लुगडं फेडलं, टोक तिच्याकडे फेकलं आणि पालथं पडून जीव खाऊन ओढलं. रूपाली बाहेर आली, सासूच्या गळ्यात पडली. भागुबाई मात्र खड्ड्याकडे बघत होत्या. "इथंच आमची विहीर व्हती," त्या पुटपुटल्या, "आणि मीच तुला तिच्यावरून चालवलं."