दुसऱ्याचं गाठोडं
कपाटामागून निघालेल्या पिशवीत बाईच्या नव्या कपड्यांचा जोड, विजेरी, दोरी आणि कॅनव्हासचे कोरे बूट होते. असे बूट तिने जन्मात घातले नव्हते. मनात पाल चुकचुकली. नवरा घरात शिरताच तिने ते त्याच्यापुढे आदळले. "कोण ही भवानी? कुठे पळणार होतात दोघं?" गोंधळून तो खाली बसला, बुटाची नाडी सैल करू लागला. "पाय घाल." तिने धुसफुसत घातला, बूट अचूक बसला. "आमच्या गावी पूर सांगून यायचा नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाचं गाठोडं तयार असायचं. पण स्वतःचं बांधताना माणूस भलतंच भरतो. ज्याला आपण जिवंत हवे असतो, त्यानेच बांधायचं." "चौथ्या मजल्यावर कसला पूर?" म्हणताना तिची नजर कपाटामागे भिरभिरली. "आणि तुझं कुठंय?" नाडी आवळताना तो थांबला. "ते तू बांधायचं असतं. मी मागायचं नसतं."