सत्काराचा दुपट्टा

वीजबचतीच्या पुरस्काराचे परीक्षक लोखंड कारखान्यात येणार होते, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्वतःचा सत्कार गावच्या बचत गटाच्या सुगंधाबाईंकडून ठरवला. वीज कशी वाचली, हे बाईंना घरीच कळलं होतं. अंधार पडला की धुराड्यातली धूळ पकडणारं यंत्र बंद ठेवायचं, एवढीच ती करामत. तसं करायला नकार दिला म्हणून त्यांच्या नवऱ्याला साहेबांनी गेटबाहेर काढलं होतं. बाईंनी वरोऱ्याहून पांढराशुभ्र दुपट्टा आणला, आठवडाभर अंगणातल्या दोरीवर टाकला आणि काळी बाजू आत घेऊन हळूच घडी घातली. मंचावर तो साहेबांच्या खांद्यांवर उलगडला, तशी कडक इस्त्रीच्या शर्टावर काजळी सांडली. "हे काय बाई?" परीक्षकांनी विचारलं. "सात दिवस आमच्या अंगणात वाळत होता जी," बाई म्हणाल्या. साहेब घाईघाईने खांदे झाडू लागले. "झटकू नका साहेब, तुमचीच बचत होय थे."