खिडकीतलं पान चार

शेवटी त्या दोघांचा घटस्फोट झाला नाही. पण हे आपल्याला अजून ठाऊकच नाही, असं धरून चालू.

तर, अर्जाचं चौथं पान सापडत नव्हतं. दोघांच्या सह्या नेमक्या त्याच पानावर. वकील दुपारी अर्ज दाखल करणार होते, आणि नवरा, म्हणजे पुस्तकं बांधणारा बाइंडर, टेबलाखाली रांगत होता.

काल दोघांनी हिवाळी सुट्टीची सजावट केली होती. शेवटची म्हणून. रद्दी कागदाच्या घड्या, घड्यांच्या चांदण्या, चांदण्यांच्या माळा. दोन महिने भांडण नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. कात्र्या तेवढ्या चालल्या.

"अगं, चौथं पान पाहिलंस का?"

"खिडकीत बघ." बायको शिवणाच्या मशीनपाशी कुणाचा तरी कोट उसवत बसली होती.

दुसरी माळ, डावीकडून तिसरी चांदणी. एका टोकाला त्याची सही, समोरच्या टोकाला तिची.

कागद दिसला की त्याचा हात घडी घालतोच. लग्नाच्या दाखल्याचीही त्याने एकदा होडी केली होती. आता ही म्हणणार, मुद्दाम कापलंस. मुद्दाम कापलं होतं का? काही केल्या आठवेना. आतून मात्र बरं वाटत होतं, त्यामुळे स्वतःवरचा संशय बळावत चालला होता.

स्टुलावर चढून त्याने चांदणी उतरवली. कडा नागमोडी होत्या. तो आणखीच चक्रावला. त्याचं पातं सरळ कापतं. नागमोडी दातांची कात्री घरात एकच. तिची, कापडाची. अकरा वर्षांत तिने त्या कात्रीजवळ कागद फिरकू दिला नव्हता. धाकट्या दिराने एकदा त्या कात्रीने पेपर कापला, तर त्याच्याशी ती दोन वर्षं बोलली नाही.

"कागदाने धार जाते ना गं?"

"गेली," मान वर न करता ती म्हणाली.

त्याने चांदणी होती तिथे परत लावली.

दुपारी वकिलांच्या हाती एकच कागद पडला, खाली दोघांच्या ताज्या सह्या: 'माननीय न्यायालयास, अर्जाचे पान क्रमांक चार आमच्या खिडकीत लावलेले असून ते काढणे शक्य नाही. तरी न्यायालयाने ते जागेवर येऊन वाचावे, आणि येताना कात्रीला धार लावणारा सोबत आणावा, ही नम्र विनंती.'