बूट कुठे चावतो

दुकानदाराने मुलीच्या पायात बूट चढवला, अंगठ्याशी दाबून पाहिलं आणि विचारलं, "कसा वाटतोय, बाळ?"

मुलगी खाली बघत राहिली. घरात तिची टकळी झोपेपर्यंत थांबत नसे. उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. हो-नाही मानेनेच, तेही जमलं तर.

आईच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. मागचे बूट घेतानाही "अगदी नीट बसतोय" असं तिनेच सांगून टाकलं होतं, आणि टाचेचे फोड मोज्याला चिकटले तेव्हा कुठे कळलं. तिने ओठ घट्ट मिटले. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, हा हट्ट नाही, भीतीने तिचा गळा आवळतो. तुम्ही तिच्या वतीने बोलत राहिलात, तर तिच्यावर बोलायची वेळच येणार नाही. थांबा.

थांबणं आईला जमलंही असतं. धास्ती होती शेजारी बसलेल्या सासूबाईंची. समोरच्याचं वाक्यसुद्धा त्याच पुरं करायच्या. आमच्या घरात असली थेरं कधी नव्हती, दोन धपाटे घाला, पोपटासारखी बोलेल, हे त्यांचं निदान साऱ्या नात्यागोत्यात फिरून आलेलं. सकाळी त्याही हट्टाने बाईंकडे आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. पटलं की नाही, देव जाणे.

दुकानदाराने पुन्हा विचारलं. मग आईकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. दारात दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

सासूबाईंनी तोंड उघडलं. आई त्यांना अडवायला वळली.

सासूबाईंनी घाईघाईने रुमाल काढला, तोंडावर दाबून धरला आणि समोरच्या फळीवरच्या चपला न्याहाळू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मुलीने बुटात बोटं हलवून पाहिली. एकदा आजीकडे बघितलं. मग इतक्या हळू, की दुकानदाराला वाकावं लागलं:

"इथे चावतो."

"असं होय. मग मोठा काढू," म्हणत तो फळीकडे वळला.

बाहेर आल्यावर मुलगी नव्या बुटांनी टाचा आपटत पुढे पळाली. सासूबाईंचा रुमाल अजून तोंडावरच होता. तो जरासा बाजूला करून त्यांनी विचारलं, "आता बोलू का मी?"

आईला कितीतरी सांगायचं होतं. तिने नुसती मान डोलावली.