अंगठा आत, मूठ बंद

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्याशेजारीच बसल्या. “मनगट कशाने दुखतंय?” मॅडमनी विचारलं. “बाळाला उचलून,” मी म्हणाले. “बाळ केवढंसं. दिवसभर मोबाइल असतो हातात,” सासूबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. बाळ शिंकलं तरी मी मोबाइलवर कारणं शोधत बसते. मॅडम ‘हो’ म्हणाल्या की घरी मोबाइल जप्त. “अंगठा आत घालून मूठ मिटा आणि मनगट खाली वाकवा.” मी वाकवलं. कळ कोपरापर्यंत गेली, पण माझ्याआधी ओरडल्या सासूबाई. त्यांनीही मूठ वाकवून पाहिली होती. “काकू, तुम्ही मोबाइल किती वापरता?” “मी कुठे? सकाळी आंबिवलीच्या भावकीला सुप्रभात, मग डोंबिवलीच्या भजनी मंडळाला.” मॅडमनी अंगठ्याचे दोन पट्टे काढले. सासूबाईंनी खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली. “हे एकाचं दुसऱ्याला लागतं का हो? हिचंच लागलं असणार मला.”