सगळेच पाठीशी

तिचं लग्न झालं, धडाक्यात झालं, आणि नवरा बरा निघाला. हे आपण अजून ऐकलेलंच नाही असं धरू. आत्ता कुठे सकाळ आहे, चष्मेवाली आपल्या दुकानात वडिलांचे डोळे तपासते आहे, आणि संध्याकाळपर्यंत तिला दातांच्या डॉक्टरला हो की नाही ते कळवायचंय.

"पहिली काच स्पष्ट, की ही दुसरी?"

"तुला कुठली वाटते?"

"बाबा, डोळे तुमचे आहेत."

"तेच तर. उगाच चुकायला नको."

त्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांना घाम फुटायचा. एरवी तिला हसू यायचं. या आठवड्यात येत नव्हतं.

"करू का हो त्याच्याशी लग्न?"

"तुझं आयुष्य, तुझा निर्णय. आम्ही पाठीशी आहोत."

पाठीशीच! आई पाठीशी, मावशी पाठीशी, त्याची आई तर सगळ्यांच्या वरताण पाठीशी. तो स्वतःही म्हणाला होता, "माझा काही आग्रह नाही हं." समोर उभं राहायला चिटपाखरू नाही.

"तुम्हाला कसं कळलं होतं, आईच हवी म्हणून?"

"कळलं कुठे? माझा बाप म्हणाला, तंगडी मोडीन. झालं, पेटलो. विचार करायला सवड कुणाला होती?"

काच बदलता बदलता तिचा हात थांबला.

"मग मलाही म्हणा ना."

"काय?"

"तेच. मोडू नका, नुसतं म्हणा."

बाबा पोरीच्या शब्दाबाहेर नव्हते. नाकावरच्या तपासणीच्या जड फ्रेमसकट ते उभे राहिले, छाती फुगवली. "खबरदार! हे लग्न होणार नाही!"

तिचे कान झकास तापले. दातांचा डॉक्टर एकाएकी देखणा दिसायला लागला.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "तुझी हरकत नसेल तर."

डॉक्टर पुन्हा होता तसा दिसायला लागला.

"जाऊ द्या. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

बाबा खाली बसले. जन्म कचेरीत खर्डेघाशी करण्यात गेलेला. अडलं की तोंडातून मसुदाच निघायचा. छताकडे बघत त्यांनी घसा खाकरला.

"दिवंगत वडिलांच्या सेवेशी. महोदय, आपल्या नातीच्या विवाहास विरोध करू शकेल असा सक्षम अधिकारी सध्या कुटुंबात उपलब्ध नाही. तरी आपण आज सायंकाळपूर्वी समक्ष हजर राहून एकदा ओरडून जावे, ही नम्र विनंती."